दम्याला वही हवी

मृग नक्षत्र लागले की शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो आणि दमेकरी हैदराबादकडे. कोरोनाच्या साथीचा खंड सोडल्यास दरवर्षी जूनच्या आरंभी हैदराबादेतील नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बथिनी कुटुंबाकडून दम्याच्या रुग्णांना एक लहान जिवंत मासा गिळावयास दिला जातो. त्याच्या तोंडात वनौषधींचा लगदा भरलेला असतो, आणि त्या लगद्यात काय आहे ते कुटुंबाबाहेर कोणास सांगितले जात नाही. पूर्वी त्याला औषध म्हणत, आता प्रसाद म्हणतात. त्याचा उपयोग होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. तरीही दूरदूरच्या राज्यांतून हजारो माणसे तेथे रांगा लावतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादची वाट इकडच्या माणसाला परकी नाही. नांदेड, परभणी, हिंगोलीकडील दमेकरीही त्या वाटेने जात आले आहेत.

या रांगांकडे पाहून अंधश्रद्धेच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. परंतु या माणसांनी आधुनिक औषधे घेतलेली नसतात असे मुळीच नाही. बहुतेकांनी वर्षानुवर्षे सुया टोचून घेतलेल्या असतात, सलाईन लावून घेतलेले असते, वाफ घेतलेली असते. प्रत्येक वेळी त्या रात्रीपुरते बरे वाटले आणि महिन्याभरात धाप पुन्हा लागली, असा त्यांचा अनुभव असतो. जे दुखणे परत परत येते त्याच्यापासून एकदाची सुटका करून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर माणूस तिकडे जाणारच. दमा पूर्णपणे जात नाही, परंतु तो ताब्यात राहतो आणि ताब्यात राहिलेला दमा माणसाला सर्वसामान्य आयुष्य जगू देतो, हे त्याला कोणी बसून समजावून सांगितलेले नसते. दोष द्यावयाचा तर तो प्रथम या न सांगण्याला द्यावा लागेल.

दमा हा झटक्याचा रोग आहे, ही समजूत सर्वात घातक ठरली आहे. झटका हे त्या रोगाचे केवळ दिसणारे रूप होय. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि रुग्ण हसत-खेळत असतो त्या दिवशीही ती तेथे असतेच. धूळ, धूर, थंडी, सर्दी-पडसे यांचे निमित्त झाले की सुजलेल्या नलिका आवळल्या जातात आणि घरघर सुरू होते. भिंतीत ओल मुरलेली असता वरून चुना फासला तर पोपडे पुन्हा सुटावयाचेच. नलिका तात्पुरत्या मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये आले. आतली सूज उतरविणारे, श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन १९७२ मध्ये उपलब्ध झाले. पहिले आराम देते, दुसरे आवर घालते. दम्याच्या उपचाराविषयी मार्गदर्शन करणाऱ्या जागतिक संघटनेने तर २०१९ मध्ये असे स्पष्ट सांगितले की, मोठ्या माणसांना व किशोरवयीन मुलांना केवळ आराम देणाऱ्या औषधावर ठेवणे सुरक्षित नाही, सूज उतरविणारे औषध जोडीला असलेच पाहिजे. ही दोन्ही प्रकारची औषधे भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. तेव्हा ज्ञान नाही किंवा औषध नाही, अशी सबब आता पुढे करता येणार नाही.

असे असता चित्र काय दिसते? २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार देशात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी भारतात राहणारे सुमारे १३ टक्के, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी भारतातील मृत्यू ४० टक्क्यांहून अधिक. या दोन आकड्यांमधील अंतर रोगाच्या स्वभावाने पडलेले नाही, ते उपचाराच्या पद्धतीने पडलेले आहे.

हिंगोली जिल्ह्यापुरता विचार केला तर हे अंतर अधिक जवळून दिसेल. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि दर शंभरातील सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहत होती. देशाचे सरासरी प्रमाण जिल्ह्याला लावले, तर २५ ते ३० हजार माणसांना दमा असावा असा ढोबळ हिशेब निघतो. ही माणसे कशात वावरतात तेही पाहिले पाहिजे. सोयाबीनच्या मळणीत यंत्राभोवती भुसकटाचा धुरळा उठतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. पण फाल्गुन-चैत्रात हळद शिजविताना भट्टीचा धूर आणि पुढे वाळलेल्या हळकुंडांना पॉलिश करताना उडणारी पिवळी धूळ ज्यांच्या छातीत जाते, त्यांचा विचार त्या अभिमानात क्वचितच येतो. घरोघर गॅसची शेगडी पोचली असली, तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवरची चूल पुष्कळ घरांत अद्याप पेटते. हे सारे एका दिवसात बदलणारे नाही. ते बदलेपर्यंत या माणसांना श्वास घेता आला पाहिजे, एवढी जबाबदारी वैद्यकाने स्वीकारावयाची आहे.

ही जबाबदारी कोणाची, याचे उत्तर मोठ्या शहरातील तज्ज्ञ असे नाही. दमेकऱ्याची पहिली आणि बहुधा शेवटचीही भेट होते ती तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावातील डॉक्टरांशी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०११ मध्ये देशभरातील ८८० शहरे व गावे मिळून, दोन लाखांवर रुग्णांची एकाच दिवसाची पाहणी केली. त्या दिवशी डॉक्टरांकडे आलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना श्वसनसंस्थेची कोणती ना कोणती तक्रार होती. म्हणजे छातीचे विकार ही सर्वसाधारण डॉक्टरांच्या दवाखान्यातील रोजची बाब होय. दम्याची लढाई जिंकावयाची अथवा हरावयाची, ती तेथेच.

तेथे आज काय घडते? आठवडी बाजाराच्या दिवशी बाकावर वीस-पंचवीस माणसे बसलेली असतात. त्यांत एखादी शेतमजूर बाई धापा टाकीत येते. डॉक्टर तिला सुई देतात, वाफ देतात, तीन दिवसांच्या गोळ्या देतात. तासाभरात तिचा चेहरा उजळतो आणि ती घरी जाते. डॉक्टरांनी आपले काम चोख केलेले असते. तीही समाधानी असते. परंतु तिने पुन्हा केव्हा यावे, हे कोणी सांगितलेले नसते, कारण बरे वाटत असताना दवाखान्यात जावयाचे असते ही कल्पनाच दोन्ही बाजूंना नसते. ती येते ती पुढच्या झटक्याला. मधल्या महिन्यात ती किती रात्री उशाला टेकून बसून होती, किती दिवसांचा रोज बुडाला, याची नोंद कोठेच होत नाही. डॉक्टरांना फी मिळते ती भेटीची आणि सुईची. समजावून सांगण्यात गेलेल्या पंधरा मिनिटांची फी मिळत नाही. एखाद्याने सुई न देता पंप लिहून दिला, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी शेजारच्या दवाखान्यात दिसतो. हा कोणा एकाचा अपराध नव्हे. तहान लागली की विहीर खणावयाची, याच रीतीवर सारा व्यवहार बेतलेला आहे.

पंपाविषयीचे गैरसमज या रीतीला बळ देतात. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, त्यात स्टेरॉइड असते आणि ते वाईट, असे तीन आक्षेप घरोघरी ऐकू येतात. यांतील शेवटच्या आक्षेपाचे उत्तर साध्या गणिताने देता येते. झटक्याच्या वेळी मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत दिल्या जातात. पंपातून बुडेसोनाइड घ्यावयाचे, ते अनेकांना दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे गोळ्यांच्या एका दिवसात जेवढ्या वजनाचे स्टेरॉइड पोटात जाते, तेवढे पंपातून जावयास १०० दिवस लागतात. शिवाय पंपातले औषध थेट श्वासनलिकांत उतरते, तर गोळीचे औषध रक्तावाटे साऱ्या शरीरभर फिरते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. झटका तीव्र असेल तेव्हा त्या गोळ्या जीव वाचवितात आणि त्या वेळी त्या दिल्याच पाहिजेत. पण दर महिन्याला त्यांचाच आधार घेत राहिल्यास मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू यांना आमंत्रण मिळते. ज्या स्टेरॉइडच्या भीतीने पंप टाळला, तेच शंभरपटीने पदरी पडते.

गावातल्या डॉक्टरांच्या हातून हे काम होऊ शकते काय, अशी शंका घेणाऱ्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. इंग्लंडशेजारच्या वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर अनेक वर्षे व्यवसाय करीत होते. जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक तेथे ती सर्वात कमी मिळते, हा त्यांनी १९७१ मध्ये मांडलेला नियम जगभर ओळखला जातो. पण त्याहून मोठे त्यांचे काम म्हणजे गावातील माणसे आजारी पडण्याची वाट न पाहता त्यांनी साऱ्यांचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि जे आले नाहीत त्यांना बोलावून घेतले. दुसरे उदाहरण फिनलंडचे. त्या देशाने १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा दमा कार्यक्रम राबविला. त्याचा गाभा हाच की, दम्याचा सांभाळ प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे सोपवावा, प्रत्येक केंद्रात एक डॉक्टर व एक परिचारिका त्यासाठी नेमावी, औषधविक्रेत्यांनाही त्यात सामील करून घ्यावे आणि सूज उतरविणारे औषध लवकर सुरू करावे. दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस त्या काळात निम्म्याहून खाली आले.

याच्या उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये दम्याने दगावलेल्या १९५ रुग्णांची बारकाईने चौकशी करून २०१४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील ४५ टक्के माणसे मदत मागण्यापूर्वी किंवा ती मिळण्यापूर्वीच गेली होती. झटका आल्यास काय करावे याचा लेखी कागद होता तो केवळ २३ टक्क्यांजवळ. तेथे रुग्णालये, रुग्णवाहिका, औषधे कशाचीच वाण नव्हती. उणीव होती ती पाठपुराव्याची.

आपल्याकडे पाठपुरावा अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नाही, कारण क्षयरोगाच्या बाबतीत तो होत आला आहे. क्षयाचा रुग्ण सापडला की त्याचे नाव नोंदले जाते, त्याला कार्ड मिळते, औषध कोणत्या तारखेला संपणार ते केंद्राला ठाऊक असते आणि तो आला नाही तर कोणी तरी त्याच्या दारी जाते. क्षयाला वही आहे, दम्याला नाही. क्षय सहसा सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो, दम्याची सोबत आयुष्यभराची. ज्याला वहीची गरज अधिक, तोच वहीबाहेर राहिला आहे.

या वहीत फार काही लिहावयाचे नाही. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदांहून अधिक वेळा धाप लागली काय, रात्री दम्याने जाग आली काय, आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांहून अधिक वेळा ओढावा लागला काय आणि रोजच्या कामात अडथळा आला काय, असे चार प्रश्न पुरेत. चारही उत्तरे नाही अशी आली तर दमा ताब्यात आहे. एकही उत्तर होय आले तर पंप ओढण्याची रीत पाहावी, औषध नियमित घेतले जाते की नाही ते विचारावे आणि गरज पडल्यास उपचार वाढवावा. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजावयाचे साधे यंत्र १९५९ पासून वैद्यकाला माहीत आहे. त्याला वीज लागत नाही. लहान मुलांना पंपाचे औषध देण्यासाठी लागणारी नळी विकत घेता आली नाही, तर प्लास्टिकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला नीट छिद्र पाडून तेच काम साधते, हे केप टाउनच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९९ मध्येच दाखवून दिले आहे. शेवटी पुढच्या भेटीची तारीख आणि मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा. रोज कोणता पंप, धाप वाढल्यास कोणता, आणि बोलता येईनासे झाले किंवा ओठ निळसर पडले तर क्षणाचाही विलंब न करता कोठे जावयाचे, एवढेच त्यावर हवे. ऊसतोडणीला अथवा पुण्या-मुंबईकडे पोट भरावयास जाणाऱ्या माणसाच्या खिशात तो कागद असला, तर परगावच्या डॉक्टरांनाही सुरुवात पहिल्यापासून करावी लागणार नाही.

वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत डॉक्टरांनी थोडी अधिक सावधगिरी बाळगली पाहिजे. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची धाप ही पुष्कळदा दम्याची नसते, धुराने झिजलेल्या फुप्फुसांची असते आणि तिचा उपचार थोडा वेगळा असतो. कोणाला दमा समजून क्षय राहून जातो, कोणाला क्षयाच्या गोळ्या चालू असतात आणि आजार दम्याचा असतो. एका भेटीत सुटणारी ही कोडी नव्हेत. त्यासाठीही तोच रुग्ण त्याच डॉक्टरांना पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे आणि मागचे काही लिहिलेले असले पाहिजे.

शासनाच्या वाट्याचे काम स्पष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार निःशुल्क झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु निःशुल्क उपचाराला अर्थ येतो तो कपाटात औषध असेल तेव्हा. सूज उतरविणारा पंप प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने असला पाहिजे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आहे. जो दमेकरी नियमित पंप घेऊन दाखल होण्याचे टाळतो, त्याच्या महिन्याच्या औषधाचा भार ती उचलत नाही. दोनशे फवाऱ्यांचा एक पंप सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा घेतला तर शंभर दिवस जातो. त्याची किंमत एका बाजूस आणि एका झटक्याची फी, गाडीभाडे, रुग्णालयातील खाट व बुडालेली मजुरी दुसऱ्या बाजूस मांडून वित्त खात्याने एकदा ताळा घालून पाहावा. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात धाप लागते काय आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हे प्रश्न आधीपासून आहेत. उत्तरे कागदावर येतात. त्या उत्तरांवरून माणूस उपकेंद्रातील आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत आणि तेथून डॉक्टरांपर्यंत पोचला, तरच तो अर्ज भरण्याचे सार्थक होईल. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन जे करून दाखविले, ते पाहता पंप ओढण्याची रीत शिकविणे आशा कार्यकर्तीला जड जाईल, असे कोणी म्हणू नये.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता नांदेडची वाट धरावी लागणार नाही, अशी आशा लोकांना वाटते. ती योग्यच आहे. तथापि महाविद्यालयाचे मोठेपण केवळ अतिदक्षता विभागातील खाटांनी मोजले जाऊ नये. जिल्ह्यातील खाजगी डॉक्टरांना, त्यांत आयुर्वेद व होमिओपथीचे पदवीधरही आले, वर्षातून दोन-तीनदा बोलावून दम्याच्या आधुनिक उपचाराची उजळणी करून देणे आणि विद्यार्थ्यांना औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या केंद्रांत बसवून अशा वह्या ठेवावयास शिकविणे, हे त्याला सहज करता येईल. एकदा अशी वही सुरू झाली की तीतच रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठीही पाने जोडता येतील, कारण त्यांचीही रड हीच आहे.

आणि समाजाकडेही थोडे मागणे आहे. वर्गात खोकणाऱ्या मुलाला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवणे, ही शिक्षकाची माया असते. पण दमा ताब्यात असलेले मूल धावू शकते आणि त्याने धावावे. त्याच्या दप्तरात पंप असेल तर तो ओढू द्यावा, इतर मुलांसमोर त्याची लाज वाटू देऊ नये. कचेरीत सहकाऱ्याने पंप काढला की खोली क्षणभर स्तब्ध होते, ती होऊ नये. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत दमा लपविला जातो आणि सासरी गेल्यावर ती पंप न्हाणीघरात लपून ओढते, किंवा ओढतच नाही. चष्मा लावणाऱ्या मुलीला आता कोणी दोष देत नाही. पंप वापरणाऱ्या मुलीच्या बाबतीत तेवढी समजूत यावयास आणखी किती वर्षे लागावीत?

पुढच्या मृगालाही हैदराबादच्या मैदानावर रांगा लागतील. त्या रांगेतल्या हिंगोलीच्या माणसाला परत फिरविण्याची सक्ती कोणी करू नये. मात्र तो घरी आल्यावर त्याच्या गावच्या डॉक्टरांच्या वहीत त्याचे नाव असावे, नावापुढे पुढच्या भेटीची तारीख असावी आणि त्या तारखेला तो आला नाही, तर तो का आला नाही असे विचारणारे कोणी असावे. असे झाले तर त्याच्या पुढच्या वर्षी त्याला त्या रांगेत उभे राहण्याची गरज वाटणार नाही.